अमावस्येची तालीम

थांबा, आधी मला सांगू द्या, चहा नंतर मागवा.

लातूरचं मार्केट यार्ड डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. दर आडतीवर झेंडूच्या माळा, दिव्यांची लुकलुक, कुठं पेढे वाटणं चाललंय. आणि त्या सगळ्या झगमगाटात कोरे सदरे घातलेली, कपाळावर भस्म लावलेली पन्नाशीची माणसं हातात फोन धरून या दुकानातनं त्या दुकानाकडं पळतायत. पळतायत म्हणजे, पोट सांभाळून जेवढं पळता येईल तेवढं! आणि हे सगळं आमच्या ऑफिसमुळं. त्या पळणाऱ्यांत माझे आबा होते आणि सोमकाका होते. सख्खे भाऊ, आणि दसऱ्यापासून एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

हां, आता मागवा चहा. मला साखर कमी.

तर पहिल्यापासून. मी बालाघाट पतसंस्था महासंघात आहे, हे तुम्हाला माहितीये. पण तिथं मी नक्की काय करते ते आजवर एकानंही विचारलं नाही, रेयांश, तू तर नाहीच. आमच्या भागातल्या छोट्या पतसंस्थांचे सगळे हिशेब ज्या डेटाबेसमध्ये राहतात, तो सांभाळायचं काम आमचं. आता नोटा फक्त ओवाळणीच्या ताटात दिसतात. बाकी सगळं फोनवर. फोन अडला की गाव अडतं. मागं एकदा एका क्लाउड कंपनीचं केंद्र दोन दिवस बंद पडलं होतं, आठवतंय? आमच्या गल्लीतल्या नवरदेवाला घोडेवाल्यानं तासभर घोड्यावरच बसवून ठेवलं. पैसे येईपर्यंत खाली उतरू देईना. तेव्हा महासंघानं ठरवलं, आता एकाच्या भरवशावर राहायचं नाही.

क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं, दुसऱ्याच्या जागेत ठेवलेले संगणक. आम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडं जागा घेतली. एक हैदराबादला, एक नागपूरला, एक नवी मुंबईला. वीज वेगळी, केबल वेगळी, मालक वेगळे. तुम्ही पैसे दिलेत की नोंद तिन्हीकडं जाते आणि तिघांपैकी दोघं ‘हो, पोचली’ म्हणाले की ती पक्की. एखादं केंद्र जळू दे, पाण्यात जाऊ दे, उरलेले दोघं गाडा ओढतात.

पण गोम अशी, की दोघांचं एकमत व्हायचं तर दोघांना आपसांत बोलता आलं पाहिजे. तिघांमधला संपर्कच तुटला तर? प्रत्येकजण एकटा. मग रस्ते दोनच. एक तर तिघांनीही गप्प बसायचं. चूक होणार नाही, पण कुणाला चहासुद्धा विकत घेता येणार नाही. नाहीतर तिघांनी आपापल्या मनानं पैसे देत सुटायचं, म्हणजे तोच रुपया तीन ठिकाणी खर्च. अचूकही राहायचं आणि चालूही राहायचं, असं दोन्ही एकदम जमत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे, मी मनाचं सांगत नाहीये.

यातनं आम्ही जी वाट काढली तिला ‘राखीव’ म्हणतो. समजा डब्यात दहा लाडू आहेत आणि तीन पोरं तीन खोल्यांत आहेत. दर लाडवाला ‘खाऊ का?’ म्हणून ओरडायचं, तर दारं लागल्यावर ऐकू जात नाही. मग दारं लागायच्या आधीच प्रत्येकाच्या हातात तीन-तीन लाडू ठेवून द्या. आता कुणाला न विचारता खा! काही झालं तरी दहाच्या वर लाडू जाणारच नाहीत. दारं उघडली की कुणी किती खाल्ले ते बघायचं, उरलेले परत डब्यात. बस. तसंच प्रत्येक क्लाउडकडं प्रत्येक खात्याचा थोडा-थोडा हिस्सा आधीच देऊन ठेवायचा. संपर्क तुटला तरी तेवढ्यापुरतं त्यानं कुणाला विचारायचं कारण नाही.

एकट्याच्या खात्याला हे सोपं. मजा आली जॉइंट खात्यात. तिथं आम्ही मुद्दाम दोघांचे फोन दोन वेगळ्या क्लाउडला बांधले, म्हणजे एक बंद पडला तरी घरातला एक फोन चालेल. मग साहजिकच विचारावं लागलं, की बाबांनो, संपर्क तुटला तर कुणाकडं किती? त्यासाठी फोनवर एक पट्टी दिली. बोटानं इकडं-तिकडं सरकवायची. ती पट्टी मी बनवली. केशरी रंगाची, इतकी गोड दिसायची ना!

आणि महिन्याभरात कळलं, आम्ही घराघरांत काय सोडून दिलंय ते. उदगीरच्या तीन बहिणी, ज्या वर्षानुवर्षं एकत्र मेस चालवत होत्या, त्या पट्टी बघून पहिल्यांदा एकमेकींना विचारायला लागल्या, तुझा माझ्यावर विश्वास किती? जे कधी कुणी आकड्यात बोललं नव्हतं, ते आता सगळ्यांच्या खिशात आकड्यात होतं.

आमच्या घरातही. खानापुरे बंधू, आडत आणि डाळमिल. खरेदी आबांची, मिल आणि विक्री सोमकाकांची. खातं एक, चूल एक. आबांनी दसऱ्याच्या दुपारी, जेवून लवंडल्या लवंडल्या, पट्टी सरकवली. सत्तर टक्के स्वतःकडं, तीस काकांकडं. आणि आमच्या शहाण्या अ‍ॅपनं लगेच काकांना कळवलं.

रात्री ताटावर बसता बसताच काका म्हणाले, “दादा, हे सत्तर-तीस काय हाय?”

“खरेदीचे पैसे मला द्यावे लागतात,” आबा म्हणाले. “तुला मिलवर काय लागतंय? हमाली आन् लाईटबिल.”

“किती लागतंय ते सोड. मला विचारलास का?”

“त्यात काय विचारायचं? कधी तुटलं तर म्हणून हाय ते.”

“म्हणजे तुटलं की मी तिसाचा.”

“अहो, भाकरी गार व्हायलीये,” काकू मधे पडल्या. पण तोवर दोघांनी माझ्याकडं बघितलं होतं. हे मला फार लागलं बरं का, भांडण त्यांचं आणि बघतात माझ्याकडं.

“काका, ते फक्त तांत्रिक आहे,” मी म्हटलं.

“घ्या,” आबा म्हणाले, “इंजिनियर सांगायलीये, तांत्रिक हाय.”

“झालं माझं जेवण,” म्हणून काका उठले. भाकरीचा तुकडा मोडला नव्हता.

तेव्हापासून बोलणं बंद. चार दिवसांनी कळलं, काकांनी यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, वजनकाट्याच्या पलीकडं, गाळा भाड्यानं घेतलाय. लक्ष्मीपूजन तिथं करणार, मुहूर्ताचा पहिला सौदा तिथं करणार, आणि पाडव्याला दुकान वेगळं. दुकान वेगळं म्हणजे पुढं घर वेगळं, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. आबा एवढंच म्हणाले, “करू दे.” काकू आणि आई एकाच फराळाच्या चकल्या तळत होत्या आणि कुणाच्या डब्यात किती भरायच्या हे दोघींनाही एकमेकींना विचारवत नव्हतं.

आता तालीम. हे ऐका, हे फार भारी आहे. आपलं यंत्र खरंच टिकतं का, हे बघायचं तर ते मुद्दाम मोडून बघावं लागतं. म्हणून आम्ही महिन्यातनं एकदा तिन्ही क्लाउडमधला संपर्क स्वतःच तोडतो. चाळीस मिनिटं. आणि मधे थांबवायचं बटणच ठेवलेलं नाही. साहेबांचं म्हणणं, खरा पूर आला तर काय बटण दाबून थांबवणार आहात का? पण तोडायचं कधी? आम्ही वर्षभराचा आलेख काढला, तर दर महिन्याला एका दिवशी खड्डा. अमावस्या! त्या दिवशी बाजार समितीत सौदे बंद, कुणी गाडी घेत नाही, कुणी प्लॉटचा विसार देत नाही. बंगळूरच्या सल्लागारानं तो खड्डा बघून विचारलं होतं, तुमच्याकडं दर महिन्याला काही बिघाड होतो का? तर ठरलं, दर अमावस्येला संध्याकाळी सहाला तालीम. यंत्र आपोआप करतं. फक्त एक अमावस्या सोडून.

कुठली ते तुम्हाला कळलंच. लक्ष्मीपूजनाची. त्या दिवशी अख्खा बाजार देवाणघेवाण करतो.

ती तारीख यंत्राला द्यायचं काम शर्विलचं. शर्विल म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा, नगरचा, जो सारखं काहीतरी खात असतो. त्यानं घरच्या कॅलेंडरात बघितलं आणि सोमवार घातला. आणि त्या वर्षी अमावस्या लागली सोमवारी दुपारी आणि संपणार मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. कॅलेंडरांमध्येच दोन तट! काही म्हणाली सोमवार, काही म्हणाली मंगळवार. आबांनी पूजन सोमवारी उरकलं. काका म्हणाले, आमचं मंगळवारी. त्यांचं कॅलेंडर तसं म्हणत होतं की त्यांना वेगळंच करायचं होतं, देव जाणे. पण अर्धं यार्ड मंगळवारीच करणार होतं, हे खरं.

मंगळवारी मी ऑफिसात होते, सणाची पाळी. शर्विल चिवडा खात होता. सहा वाजले आणि समोरच्या पडद्यावरच्या तिन्ही रेषा तुटल्या.

“शर्विल, हे काय?”

“तालीम,” तो म्हणाला. शेंगदाणे निवडत.

“आज?”

“आज अमावस्या आहे.”

“आज लक्ष्मीपूजन आहे!”

“ते काल झालं.”

“तुझ्या घरी झालं, गाढवा!”

चिवडा सांडला. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं त्या नसलेल्या बटणाचा शोध घेत होतो. आणि मग हळूहळू लक्षात आलं, अरे, सगळं चालू आहे! आकाशकंदील विकले जातायत, मिठाई विकली जातेय, रिक्षावाल्यांना पैसे मिळतायत. तीन क्लाउड एकमेकांना बहिरे झालेत आणि लोकांना पत्ताही नाही. मला तर नाचावंसं वाटलं. अडलं होतं ते फक्त मोठ्या सौद्यांचं, जिथं एका फोनचा हिस्सा पुरत नव्हता. त्याचीही सोय होती, ‘हातोहात’. तुमच्या भागीदाराच्या फोनला तुमचा फोन चिकटवा, दोघांचे अंगठे लावा, त्याच्या हिश्शातनं तुमच्याकडं येतं. फोन चिकटवायचेच. लांबून मागायची सोय आम्ही मुद्दाम ठेवली नाही, गोड बोलून लुटणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय म्हणून. तर त्यासाठीच ते सगळे शेटजी पळत होते!

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोमकाका.

“ओवी, पैसे जाईनात. रझाकभाई उडदाची गाडी घेऊन दारात थांबलेत. पहिला सौदा हाय माझा. आन् फोनवर काय लिहून यायलंय माहितीये? तुमचा हिस्सा अपुरा. सगळ्यांसमोर.”

“काका, ही आमची तालीम आहे, चुकून आज...”

“दादाला सांग, जिंकलास म्हणावं.”

फोन बंद.

शर्विलनं ते ऐकलं. तो हळूच म्हणाला, “आपत्कालीन चावी आहे की आपल्याकडं. तुझा अंगठा, माझा अंगठा. काकांचा फोन नागपूरला बांधलेला आहे, तिथंच त्यांचा हिस्सा वाढवून टाकू. दोन मिनिटांचं काम.”

खरं सांगते, माझा अंगठा काचेपर्यंत गेला. अमावस्या संपायला थोडाच वेळ उरला होता, आणि मुहूर्त तिच्याबरोबरच संपणार. मुहूर्ताचा सौदा मोडला की यार्डात वर्षभर बोलतात, आणि काका जन्मभर म्हणणार, दादानं माझा हात बांधला. पण काकांचे लाडू वाढवायचे तर आबांचे तेवढेच कमी झाल्याची खात्री पाहिजे, आणि आबांचा फोन हैदराबादला बांधलेला, तिथं विचारायची सोयच तुटलेली. आबांनी त्याच मिनिटाला खरेदी केली तर तोच पैसा दोनदा खर्च. तसं कधीच होणार नाही, याच एका शब्दावर लोकांनी आमच्याकडं सगळं ठेवलंय. आणि पडद्यावर यार्डभर पिवळे ठिपके होते, अडलेल्या खात्यांचे. ते माझे काका नव्हते, पण कुणाचे तरी होते.

“नको,” मी म्हटलं आणि आबांना फोन लावला.

“आबा, फोन घेऊन काकांकडं जा. त्यांचा सौदा अडलाय. तुमच्या हिश्शातनं द्यायचं तर समोरासमोरच देता येतं.”

“त्यानं बोलावलंय का?”

“नाही.”

“मग? गाळा घेताना मला विचारलं नाही. आता मी जाऊ व्हय त्याच्या दारात?”

“आबा, तुम्हीही विचारलं नव्हतं.”

  “बघतो,” आबा म्हणाले.

आमच्या घरात ‘बघतो’ म्हणजे नाही. मी शर्विलला तिथंच सोडलं आणि स्कूटर काढली. ऑफिस यार्डाच्या मागंच आहे. गेटातनं आत शिरले तर हे सगळे पळणारे शेटजी! एकजण भावजयीच्या फोनला फोन चिकटवून उभा होता आणि ती म्हणत होती, “आता बरी आठवण झाली.” मी त्यांच्यातनं वाट काढत आमच्या दुकानाशी आले, आबांचा हात धरून त्यांना ओढत न्यायचं असं ठरवूनच. तर गादीवर आबा नाहीत. सोमकाका बसलेत. घामानं डबडबलेले, धापा टाकत.

“दादा कुठाय?” मला बघताच त्यांनी विचारलं.

“तुम्ही इथं कसे?”

“मग काय करू? रझाकभाई म्हणाले, जाव की भाई, सख्खा भाऊ है. दादा कुठाय?”

“दुकान उघडं टाकून गेलेत म्हणजे... तुमच्याकडंच गेले असतील.”

काका गादीवरनं उठलेच. “माझ्याकडं? एवढ्या लांब? त्याचा गुडघा...”

तोवर मी आबांना फोन लावला होता. उचलताच आबा ओरडले, “ओवी, अगं हा गाळा उघडा टाकून गेला कुठं? रझाकभाई नुसते हसायलेत!”

“आबा, ते तुमच्या गादीवर बसलेत.”



“माझ्या?” आबा म्हणाले. मग एकदम, “त्याला म्हणावं तिथंच बस, मी यायलोय.”

काकांनी ते ऐकलं आणि माझ्या खांद्यावरनं फोनमध्येच ओरडले, “तू थांब तिथंच, मी यायलोय!”

“कुणीच थांबू नका!” मी दोघांवर ओरडले. “अर्ध्यात या!”

काकांना मागं बसवून स्कूटर हाणली. वजनकाट्याजवळ आबा दिसले, लंगडत, नव्या सदऱ्याची बाही वर सारत. काका उतरले. दोघं समोरासमोर. इतक्या दिवसांनी पहिला शब्द काय असावा? आबा काकांच्या पायांकडं बघून म्हणाले, “चपला कुठायत तुझ्या?”

“पूजेवरनं उठून तसाच आलो.”

“खडे टोचले असतील की.”

“दे ना आधी फोन, अमावस्या संपायलीये!”

दोन फोन एकमेकांना चिकटवले. आबांनी अंगठा लावला, काकांनी लावला. पडद्यावर माझी ती केशरी पट्टी आली. आबांनी बोट ठेवलं आणि थांबले. मग फोन तसाच काकांच्या हातात दिला.

“तू सरकव.”

“तू सांग ना किती.”

“तू सांग. मी विचारायलोय तुला.”

 काकांनी सौद्यापुरती पट्टी सरकवली. त्याच्या पुढं केसभरही नाही. दोन्ही फोन थरथरले, अडलेला सौदा आपोआप सुटला आणि पलीकडं गाळ्याच्या दारातनं रझाकभाईंनी दोन्ही हात वर केले, “आले! आले!”

साडेसहाच्या सुमारास अमावस्या संपली. मग तालीमही संपली आणि शर्विलचा फोन आला, किंचाळतच. तिन्ही क्लाउडनी एकमेकांचे हिशेब जोडले होते. एक पैसा दोनदा गेला नव्हता. यार्डभर केलेले सगळे हातोहात जिथल्या तिथं बसले. सल्लागारांनी कागदावर जे सिद्ध केलं होतं, ते आमच्या बाजारानं सणाच्या दिवशी, न ठरवता, करून दाखवलं. साहेबांनी शर्विलला आधी झापलं आणि मग पेढा दिला. आता यंत्राला लक्ष्मीपूजनाचे दोन्ही दिवस सोडायला शिकवलंय. आणि ती पट्टी मी काढली नाही, पण आता ती एकट्याला सरकवताच येत नाही. दोन फोन शेजारी असले तरच हलते. यंत्रांकडनं आम्ही दोघांचं एकमत घेत होतो आणि माणसांचं मात्र एकावरच भागवत होतो. उदगीरच्या त्या बहिणींनी नव्या पट्टीसाठी दुपारी मेस बंद ठेवली म्हणे, आणि तासभर बसून बोलल्या. मला ही पट्टी पहिल्यापेक्षा जास्त आवडते. रंग केशरीच ठेवलाय.

पण वजनकाट्याजवळचं राहिलंच की सांगायचं.

पैसे पोचले, रझाकभाई गाडी वळवून वजनकाट्यापाशी आले आणि म्हणाले, “मुबारक हो सोमनाथशेठ. माल कुठं उतरवू? जुन्या दुकानी का नव्या?”

म्हणजे खरं तर त्यांनी सगळंच विचारलं होतं. पोतं जिथं उतरणार तिथं दुकान. काकांनी आबांकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतोस? सौदा तुझा,” आबा म्हणाले.

काका पायानं खडा ढकलत राहिले. मी स्कूटरचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की हॉर्न वाजला.

“गाळ्यात जागा लै हाय,” शेवटी काका म्हणाले. “कोरडी हाय. तुझ्याकडं मागच्या खोलीला ओल येते. हे तिकडंच उतरवू... आन् उद्या तुझी तूरपण तिकडंच आणून टाकू. मिलला जवळ पडतंय.”

“दोघांची?”

“मग काय रझाकभाईंची?”

आबांनी सदऱ्याची बाही नीट केली. घसा खाकरला. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार, काहीतरी मोठं बोलणार.

“भाडं किती ठरवलास?”

काकांनी सांगितलं.

“किती?” आबांनी कपाळाला हात मारला. “त्या कोपऱ्यातल्या गाळ्याला? सोम्या, लुटलं की तुला! मला न्यायचं ना सोबत बोलताना!”

“बोलत होतास व्हय माझ्याशी?”

“नसू दे बोलत. भाडं ठरवायला आलो असतो!”

रझाकभाईंनी गाडी सुरू केली. आणि दोघं, एक लंगडत आणि एक अनवाणी, भाड्यावरनं मोठमोठ्यानं भांडत गाडीच्या मागं गाळ्याकडं निघाले. मी स्कूटर ढकलत त्यांच्या मागं.